चंद्राच्या मातीतला वायू: आधी हेलियम की ऑक्सिजन?

नमस्कार मंडळी! चंद्रावरचा हेलियम-3, म्हणजे हेलियम वायूचा एक हलका प्रकार, आणला की जगाची विजेची चिंता मिटली, असं तुम्ही बऱ्याच ठिकाणी ऐकलं असेल. वायू तिथे आहे, हे खरंच. पण किती, ते बघूया.

चंद्राला वातावरण नाही, पृथ्वीसारखं चुंबकीय कवचही नाही. त्यामुळे सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा कणांचा झोत, अब्जावधी वर्षं थेट मातीवर आदळतोय आणि त्यातले हेलियमचे अणू कणाकणात रुतून बसलेत. माती साधारण 700 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की बहुतेक वायू सुटतो. मात्र हेलियम-3 चं अब्जात दहा भाग एवढं प्रमाण धरलं, तरी एका किलोसाठी एक लाख टन माती उपसायची, तापवायची आणि परत टाकायची! गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या लोकांना याचा अर्थ सांगायला नको. आपल्या खाणींवर एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती निघायची, आणि तिचे डंप अजून उभे आहेत. शिवाय हेलियम-3 वर वीज देणारी एकही संलयन भट्टी, म्हणजे हलके अणू एकमेकांत जोडून ऊर्जा काढणारी भट्टी, आज जगात नाही.

म्हणून मला विचाराल तर आधी ऑक्सिजन. चंद्राच्या मातीच्या वजनात 40 टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनच आहे, फक्त तो खनिजांत बांधलेला आहे.

(कॅमेरा तळहातावर)

ही आपल्या किनाऱ्यावरची काळी वाळू. चुंबक फिरवला की हे कण पटकन चिकटतात, ते मॅग्नेटाइट. खाली राहिलेल्या काळ्या कणांत इल्मेनाइट असतं: लोह, टायटॅनियम आणि ऑक्सिजन. 1969 मध्ये अपोलो 11 ने आणलेल्या मातीत हेच खनिज भरपूर निघालं. या खनिजावरून 900 अंशांच्या आसपास हायड्रोजन सोडला, की तो लोहाशी बांधलेला ऑक्सिजन ओढून घेतो आणि पाण्याची वाफ होते. त्या पाण्यातून वीज सोडायची: ऑक्सिजन टाकीत, हायड्रोजन परत भट्टीत. इल्मेनाइटच्या वजनाच्या साधारण दहा टक्के ऑक्सिजन असा सुटतो. अब्जात दहा कुठे आणि शंभरात दहा कुठे!

आणि हा फक्त श्वासासाठी नाही हं. हायड्रोजनवर चालणाऱ्या रॉकेटच्या इंधनात वजनाने सहा भागांपैकी पाच भाग तरी ऑक्सिजनच असतो. तो तिथेच भरता आला, तर पृथ्वीवरून न्यायचं ओझं केवढं तरी उतरेल. खरी अडचण आहे ती चंद्रावरच्या चौदा दिवसांच्या रात्रीची. तेवढा काळ सूर्य नसताना ही भट्टी तापती कशी ठेवायची, यावर पुढच्या व्हिडिओत बोलू.