मी येतो

(दृश्य: वडगावातली गल्ली, सकाळ. मागांचा खडखडाट. पडद्यावर फक्त कांड्या भरणारे हात.)

मी लिहितो.

तुमच्या ऐकण्यात चूक झाली नाही. आवाज बाईचाच आहे आणि ती 'लिहितो'च म्हणाली. आमच्या बेळगावात बायका असंच बोलतात. मी आलो, मी जेवलो, मी जातो. पुण्याकडची माणसं हे ऐकून हसतात. आम्ही त्यांचं 'मी येते हं' ऐकून हसतो. हिशेब फिटला.

तर मी लिहितो. शृंगारकथा. दोन कळती माणसं, त्यांचं प्रेम, आणि दाराला कडी लावल्यानंतरचं सगळं. बाजारात याला चावट कथा म्हणतात. त्याच्याही खाली गेलं की पिवळं पुस्तक. माझं लिखाण पिवळं नाही असं मला वाटतं, पण हे मी सांगून काय उपयोग? प्रत्येक जण आपलं पुस्तक पांढरंच समजतो.

नाव सांगणार नाही, चेहरा दाखवणार नाही. फिल्म करणाऱ्या पोरांना ही अट पहिल्या दिवशीच घातली. घरात आत्ती आहेत, म्हणजे माझ्या सासूबाई. पोरगी दहावीला आहे. गल्लीत सगळे ओळखीचे.

(दृश्य: फिरणारं बीम, मागेपुढे पळणारा धोटा.)

वडगाव, खासबाग, शहापूर, हा सगळा यंत्रमागांचा भाग. आमच्या घरात दोन माग आहेत. नवरा बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, बघतो. मी कांड्या भरतो, म्हणजे धोट्यात बसवायचं सूत गुंडाळतो. मागाच्या आवाजात दुसऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, स्वतःशी मात्र लई निवांत बोलता येतं. हात आपोआप चालतात, डोकं रिकामं. माझ्या बहुतेक गोष्टी इथंच जुळल्यात. लिहायचं रात्री, फोनवर, स्वयंपाकाच्या कट्ट्याला टेकून. कुकर धुऊन झाल्यावर.

वाचनाचं वेड वडिलांकडून आलं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं. वडील तिथून पुस्तकं आणायचे आणि काही पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर घालून कपाटावर ठेवायचे. ती मी लग्नानंतर माहेरपणाला गेल्यावर वाचली. वाचून एकच राग आला. बाई 'नको' म्हणते, बाप्या पुढं सरकतो, आणि दोन पानांनी लेखक सांगतो की तिला तेच पाहिजे होतं. कुणी विचारलं होतं तिला? माझी पहिली गोष्ट त्या रागातून आली.

आणि ती पार फसली.

मैत्रिणीला वाचायला दिली. ती हसतच सुटली. म्हणाली, "ही गोष्ट हाय की डॉक्टरची चिठ्ठी?" बरोबर होतं तिचं. मी 'स्तन' लिहिलेलं, 'संभोग' लिहिलेलं, सगळं शुद्ध. दुसऱ्या गोष्टीत संस्कृतकडं गेलो. उरोज, अधर, कटी. नायिका देवळाच्या खांबावरची मूर्ती वाटायला लागली, तिला हात लावायचं धाडस नायकाला कुठून होणार? तिसऱ्या खेपेला म्हटलं खरंखुरं लिहू. शिव्यांतले शब्द घातले, तर सगळी गोष्ट भांडणासारखी वाजली. मराठीत या कामाला तीनच दुकानं उघडी असतात. दवाखाना, देऊळ आणि गुत्ता. घर कुठं आहे?

(दृश्य: हळदीचा कार्यक्रम, फक्त बांगड्यांचे हात आणि हसण्याचा आवाज.)

घर सापडलं एका हळदीत. पुरुषांना बाहेर घालवून बायका नवरीची चेष्टा करत होत्या. एक साठीची काकू काहीतरी बोलली आणि अख्खा घोळका लोळायला लागला. मी नंतर आठवून बघितलं, तर तिच्या सगळ्या वाक्यात एकही अवयव नव्हता. नुसतं 'लाईट घालव म्हणाला असंल की' एवढंच होतं.

लाईट घालव. आमच्याकडे दिवा बंद करत नाहीत, घालवतात. या दोन शब्दांत खोली येते, अंधार येतो, शेजारच्या खोलीत झोपलेली सासू येते, आणि कोण कुणाला सांगतंय त्यावरून पुढची गोष्ट येते. त्या दिवसापासून मी अवयवांची नावं जवळजवळ सोडली. क्रियापदं धरली. सरकणं, थांबणं, विचारणं, ऐकणं.

हे काही माझं डोकं नव्हे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती बघा. महाराष्ट्री प्राकृतातल्या 700 गाथा, आणि कितीतरी गाथांमध्ये बोलणारी बाई आहे. शेतकऱ्याच्या घरातली, गोदावरीच्या काठची. ती उघडं काही सांगत नाही, पण कळायचं राहतही नाही. लावणीचं मला जरा वेगळं वाटतं. लावणीत बाई बोलते, नाचते, मागते. पण लिहिणारा शाहीर बहुतेक बाप्याच. राम जोशी असोत नाहीतर होनाजी. सुंदर लिहिलंय, वाद नाही. पण बाईच्या तोंडून बाप्याचं मागणं ऐकू आलं की मला लगेच कळतं.

(दृश्य: फोनच्या पडद्यावर उमटणारी देवनागरी अक्षरं.)

भीती वाटते का, असं पोरांनी विचारलं. वाटते की. म्हणून कायदा वाचला. अश्लील साहित्यासाठी दंड संहितेचं 292 कलम होतं. 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत ते 294 झालं. इंटरनेटवर टाकलं की माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 67 आणि 67 अ लागतं. 67 अ मध्ये पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. साहित्य आणि कलेसाठी सवलत आहे, पण ती कोर्टात जाऊन मागायची. म्हणून माझ्या गोष्टीत पात्राचं वय पहिल्याच पानावर येतं. कॉलेजातल्या कोवळ्या पोरांच्या गोष्टी मी लिहीत नाही. कितीही मागणी येऊ दे.

पण या वाटेनं माझ्या आधी माणसं गेलीत. र. धों. कर्व्यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढलं. लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, म्हणून खटले अंगावर आले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बाबासाहेब आंबेडकर. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' 1962 च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली. खालच्या कोर्टानं दोषी धरलं. सुप्रीम कोर्टात 1969 साली सुटका झाली. सात वर्षं! तेवढ्या काळात माणूस किती गोष्टी लिहितो, आणि किती लिहायच्या राहतात.

पैशाचं लवकर सांगतो, कारण सांगण्यासारखं फार नाही. किंडलवर मराठी पुस्तक स्वतःचं स्वतः टाकता येतं. वर टोपणनाव चालतं, बँकेला आणि पॅनला खरंच नाव लागतं. सत्तर टक्के वाटा पाहिजे तर 90 दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडं ठेवायचं नाही. पैसे महिना संपल्यावर साधारण 60 दिवसांनी येतात. मला पहिल्यांदा 112 रुपये आले. नवऱ्याच्या फोनवर मेसेज गेला, खातं दोघांचं. त्यानं विचारलं, "हे कुठलं गं?" मी सांगितलं. तो जरा वेळ माग बघत बसला. मग म्हणाला, "माझं नाव नाही ना त्यात?" नाही म्हटलं. "मग चालतंय."

त्याचं नाव नाही. त्याची एक सवय आहे. ती कुठली, ते त्यालाही सांगितलेलं नाही.

(दृश्य: जांबोटी रस्ता, पावसाळा. गाडीची काच पुसणारा हात.)

माझी माणसं हनिमूनला परदेशी जात नाहीत. जांबोटीपर्यंत जातात, पाऊस लागला की टपरीखाली थांबतात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणारी एक विधवा आहे, चाळिशीची. घरी आल्यावर केसांतला तंबाखूचा वास जाता जात नाही, आणि एका माणसाला तोच वास आवडतो. ही गोष्ट लिहायला मला सहा महिने लागले. माझी सगळ्यात चांगली गोष्ट तीच.

ती मी पुण्यातल्या एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांचं उत्तर आलं. सभ्य होते. गोष्ट आवडली, शृंगारही आवडला. फक्त एक. 'नायिका सगळीकडे पुरुषासारखी बोलते, येतो, थांबतो, सांगतो. मुद्रणदोष समजून दुरुस्त केले आहे.' सोबत फाईल. सगळीकडं 'येते', 'थांबते', 'सांगते'.

आता बघा. इथं मराठी म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको. 1946 साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आम्ही इकडं, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आलो. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा खेड्यांत अजून साहित्य संमेलनं भरतात. मांडव, ग्रंथदिंडी, सगळं. मी जातो, मागच्या खुर्चीवर बसतो. भाषा टिकली पाहिजे म्हणून टाळ्या वाजवतो, मनापासून वाजवतो. आणि त्या भाषेत माझी बाई तोंड उघडते, तेव्हा तो मुद्रणदोष होतो.

पण रागापेक्षा वेगळंच काहीतरी झालं. दुरुस्त केलेली गोष्ट वाचली आणि ती मेलेली वाटली. का, ते कळायला मला शेजारची अक्का लागली.

(दृश्य: दोन दारांमधला कट्टा, दुपार. वीज गेलेली, माग बंद.)

अक्का कानडी. मराठी समजतं, वाचता येत नाही. माझं गुपित तिला ठाऊक आहे. वीज गेली की मी तिला माझ्या गोष्टी कानडीत सांगतो. त्या दिवशी वखारीची गोष्ट सांगत होतो. शेवटचा प्रसंग. पाऊस, तो रस्त्याच्या पलीकडं, ती दारात. मी सांगितलं, "ना बर्तीनि." मी येतो.

अक्का म्हणाली, "यारु अंदरु?" कोण म्हणालं?

मी बोलायचं थांबलो. कानडीत 'मी येतो' आणि 'मी येते' यात फरकच नाही. आमच्या मराठीतही नाही. वाक्य त्याचं असू शकतं, तिचंही. संपादकांनी फक्त एक मात्रा बदललेली आणि तेवढ्यानं कळत होतं की पाऊल कोण टाकतंय.

मी अक्कालाच विचारलं. तूच सांग, कोण म्हणालं असंल?

ती पदरानं वारा घेत विचार करत बसली. तेवढ्यात वीज आली, तिच्या घरातले माग एकदम सुरू झाले. ती उठली, आणि दारातून ओरडून म्हणाली,

"इब्बरू!"

दोघंही.

(दृश्य: फोनचा पडदा. 'येते' मधली मात्रा खोडून 'येतो' लिहिणारा अंगठा. मागांचा आवाज वाढत जातो.)