पत्र्याच्या पेटीतल्या पावत्या

धडगावकडून सातपुड्यात वर चढत गेलं की उतारावर मक्याची, ज्वारीची बारकी शेतं लागतात. प्रत्येक शेताच्या खालच्या अंगाला दगडी बांध. माती वाहून जाऊ नये म्हणून हातानं रचलेला.

एका पाड्यावर आजोबा पत्र्याची पेटी उघडतात. रेशन कार्ड, मतदान ओळखपत्र आणि प्लास्टिकच्या पिशवीत वनखात्याच्या दंडाच्या पावत्या. घड्यांवर कागद विरलाय, शाई फिकी पडलीय. गुन्हा काय, तर जंगलात नांगर धरला. दंड वडिलांनी भरला, पावत्या मुलानं सांभाळल्या. आज त्याच पावत्या वनहक्काच्या दाव्याला जोडल्यात. त्या साली इथं हाच माणूस शेत कसत होता, हे खात्यानंच लिहून दिलंय!

सरकारी भाषेत हे लोक अतिक्रमणधारक. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक १०७ बघा. १९५७चा. भारतानं तो १९५८ साली स्वीकारला. त्याचं अकरावं कलम सांगतं की, आदिवासी परंपरेनं ज्या जमिनीवर राहत आलेत, तिच्यावर त्यांची मालकी मान्य करावी; एकेकट्याची किंवा सगळ्यांची मिळून. शब्द मालकी आहे, मेहेरबानी नाही.

पुढच्याच कलमात मात्र पळवाट आहे. संमतीशिवाय हलवू नये, पण देशाच्या आर्थिक विकासासाठी हलवता येईल. सरदार सरोवराच्या पाण्यानं अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांना गाठलं, ते विकासाच्याच नावानं. १९८९चा करार क्रमांक १६९ आदिवासींच्या बाजूनं बराच पुढे गेला. त्याला भारतानं आजवर मान्यता दिलेली नाही.

१३ सप्टेंबर २००७ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आदिवासी हक्कांचा जाहीरनामा १४४ मतांनी मंजूर झाला. भारतानं बाजूनं मत दिलं, पण सोबत सांगितलं, आमच्याकडे सगळेच मूळनिवासी. जाहीरनाम्याचं दहावं कलम म्हणतं, आधी सगळी माहिती द्या, मोकळेपणानं दिलेली संमती घ्या, त्याशिवाय कुणाला जमिनीवरून उठवू नका. करारासारखं बंधन त्याला नाही, हे खरं. तरीही ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, नंदुरबारच्या रस्त्यांवर ढोल घुमतात. १९८२ साली त्याच तारखेला जिनिव्हात आदिवासींच्या प्रश्नावरच्या कार्यगटाची पहिली बैठक भरली होती.

आपल्या २००६च्या वनहक्क कायद्यानं उद्देशिकेतच ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली. १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून जमीन कसत असाल, तर चार हेक्टरांपर्यंत हक्क. नियमांनी पुरावाही ओळखीचा मानला. शेताचा बांध चालतो. गावातल्या जाणत्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही चालतो.

म्हणून आज पाड्यावर एक म्हातारी बोलतेय, शेजाऱ्याच्या शेताविषयी. वनहक्क समितीतला पोरगा वहीत लिहून घेतोय. बांधाचे दगड कुठल्या नाल्यातून आणले, कोण कोण वाहत होतं, ती एकेक नाव घेते. मधेच थांबते, त्याच्या वहीकडे बघते आणि विचारते, "लिहिलंस का सगळं?"