लाल चावी, काळी चावी

टेबलावर दोन चाव्या आहेत. एक काळी, एक लाल. दोन्ही एकाच गाडीच्या. काळी चावी घेऊन बसलात तर इंजिन 500 हॉर्सपॉवरच्या आसपास आवरतं घेतं. लाल चावी घेतलीत, तर तेच इंजिन 707 हॉर्सपॉवर देतं. गाडीतला एक नटही बदललेला नसतो. फरक असतो तो संगणकाला मिळालेल्या परवानगीचा. पोरगा पहिल्यांदाच गाडी बाहेर काढतोय? त्याच्या हातावर काळी चावी ठेवा.

ही डॉज चॅलेंजर एसआरटी हेलकॅट, 2015 चं मॉडेल. हिच्या बोनेटखाली काय आहे, ते आज आपण नीट बघणार आहोत.

चॅलेंजर घ्यायला गेलं की सुरुवात 3.6 लिटरच्या व्ही-6 पासून व्हायची. 305 हॉर्सपॉवर. रोज ऑफिसला जाणाऱ्यासाठी उत्तम इंजिन. पण या गाडीचा जीव व्ही-8 मध्ये आहे, आणि त्या व्ही-8 चं नाव आहे हेमी.

हेमी म्हणजे काय? पिस्टनच्या वर जिथे पेट्रोल जळतं, त्या जागेचं छत पालथ्या वाटीसारखं घुमटाकार. वाटीच्या एका उतारावर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, समोरच्या उतारावर धूर बाहेर सोडणारा. त्यामुळे व्हॉल्व्ह मोठे बसतात आणि हवा एका बाजूने येऊन सरळ दुसऱ्या बाजूने निघून जाते. डॉजची तेव्हाची मालक कंपनी क्रायस्लरने आपल्या गाड्यांमध्ये हे 1951 मध्ये आणलं. 2003 मध्ये 5.7 लिटरची नवी हेमी आली, तेव्हा वाटीच्या कडा थोड्या भरून घेतल्या आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग दिले. सिलिंडर 8, प्लग 16.

या इंजिनाला जुनाट म्हणणारे पुष्कळ भेटतात. फोर्डच्या मुस्टँगच्या 5 लिटर इंजिनात चार कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणारे फिरते दंड, आणि 32 व्हॉल्व्ह. हेमीत कॅमशाफ्ट एकच, तोही ब्लॉकच्या पोटात, आणि व्हॉल्व्ह 16. कॅम लांब दांड्या वर ढकलतो, त्या दांड्या व्हॉल्व्ह उघडतात. पुशरॉडची ही रीत फार जुनी, हे खरंच आहे. पण हेडवर कॅमशाफ्टचा डोलारा नसल्यामुळे एवढं मोठं इंजिनही आटोपशीर राहतं. मला त्यात मागासलेपण दिसत नाही.

शिवाय याच जुन्या दांड्यांच्या रचनेत एक फार सुंदर युक्ती बसवली आहे. हायवेवर एका वेगाने गाडी निवांत चालली, की आठातले चार सिलिंडर झोपी जातात. कसे? कॅम आणि दांडीच्या मध्ये लिफ्टर असतो. त्यात ऑइलच्या दाबाने एक बारीकशी पिन मागे सरकते. लिफ्टर आतल्या आत दबत राहतो, दांडी हलत नाही, व्हॉल्व्ह बंदच राहतात. त्या सिलिंडरांमध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि सुटते. पेट्रोल जातं ते उरलेल्या चारांनाच. पाय दाबला की डोळ्याचं पातं लवायच्या आत आठही हजर. मॅन्युअल गिअरवाल्या गाडीला मात्र ही सोय नव्हती.

त्याच्या वरची पायरी 6.4 लिटर, 485 हॉर्सपॉवर. हवा कोंबणारा ब्लोअर नाही, टर्बो नाही. स्वतःच्या दमावर श्वास घेणारं इंजिन. मला विचाराल तर सगळ्यांत मोकळा आवाज हिचा.

आणि मग हेलकॅट. क्षमता 6.2 लिटर, म्हणजे 6.4 पेक्षा कमी. सिलिंडरची रुंदी तीच, पण पिस्टनची धाव आखूड केलेली. ताकद येते डोक्यावर बसवलेल्या सुपरचार्जरमधून. आत दोन स्क्रू एकमेकांत गुंतून मिनिटाला 14,600 पर्यंत फेरे घेतात आणि हवा कोंबतात. ते फिरतात इंजिनच्याच पट्ट्यावर, आणि जोरात असताना फक्त त्यांना फिरवायला सुमारे 80 हॉर्सपॉवर खर्ची पडतात. आपल्याकडच्या लहान हॅचबॅकचं अख्खं इंजिन जेवढं देतं, जवळजवळ तेवढे!

आता समोरून बघा. चालकाच्या बाजूच्या दोन दिव्यांपैकी आतला दिवा. कडेला उजेडाचं कडं आहे, पण मध्ये काच नाही. ते भोक आहे. गार हवा तिथून थेट इंजिनकडे जाते.

हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. त्यामुळे पुढची सगळी लढाई हवा थंड ठेवण्याची. चॅलेंजरच्याच 2018 च्या डीमन आवृत्तीत तर एसीचा गारवा केबिनऐवजी इंजिनच्या हवेसाठी वळवला. रेसच्या पेट्रोलवर 840 हॉर्सपॉवर.

2023 च्या डीमन 170 ने आणखी एक गोष्ट हाताशी धरली: इथेनॉल. आपल्याकडे उसापासूनही होतं, अमेरिकेत मुख्यतः मक्यापासून. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, म्हणजे दाबाखाली ते अवेळी पेट घेत नाही, आणि वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं. लिटरमागे ऊर्जा मात्र कमी, म्हणून इंधन जास्त ओतावं लागतं. टाकीत ई-85, म्हणजे 85 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असलं की ही गाडी 1,025 हॉर्सपॉवर देते. पाव मैल 8.91 सेकंदात. कॅमशाफ्ट अजूनही एकच, पोटातला.

22 डिसेंबर 2023. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून शेवटची चॅलेंजर बाहेर पडली. तीही डीमन 170.

तिच्या जागी आलेली डॉजचीच नवी चार्जर विजेवर चालते, किंवा 3 लिटरच्या सहा सिलिंडरांवर, जोडीला दोन टर्बो. त्यातली ताकदवान आवृत्ती 550 हॉर्सपॉवरची, म्हणजे 6.4 हेमीलाही मागे टाकणारी. इंजिन म्हणून ते चोखच आहे. पण हेमीचा आवाज त्याला नाही, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

आता मी गप्प बसतो. हेडफोन असतील तर लावा. गाडी रात्रभर थंडीत उभी होती, हातात लाल चावी आहे. आधी खालून आठ सिलिंडरांची गुरगुर येईल. मग पाय पडला की तिच्यावर चढणारी ती बारीक शीळ ऐका. ते दोन स्क्रू आहेत.