विंडोज बटण बंद, ऑल्ट चालू: शाळेच्या लॅबमधल्या शॉर्टकट्सचा बंदोबस्त

(नाशिकमध्ये संगणक शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. लॅब सांभाळणारी मंडळीच समोर बसली आहेत, तेव्हा प्रस्तावना नको. तक्रार सगळीकडे एकच आहे. मशीनवर फक्त एक प्रोग्रॅम किंवा एकच वेबसाइट उघडी राहावी अशी व्यवस्था आपण करतो आणि सातवीतला मुलगा दोन बटणं दाबून डेस्कटॉपवर येतो. मग कुणीतरी नेटवरून फुकटचा 'की ब्लॉकर' उतरवून टाकतं. तिथेच चुकीची सुरुवात होते.

असा ब्लॉकर म्हणजे मागे चालणारा एक साधा प्रोग्रॅम. दाबलेलं बटण तो मध्येच अडवतो. पण कंट्रोल-ऑल्ट-डिलीट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. खोटा लॉगिन स्क्रीन दाखवून कुणी पासवर्ड चोरू नये म्हणून ही जोडी विंडोजने स्वतःकडे राखून ठेवली आहे. मुलगा ती दाबतो, टास्क मॅनेजर उघडतो, ब्लॉकरवर 'एंड टास्क' म्हणतो, खेळ खल्लास. म्हणून बटण अडवण्याआधी ते बटण जिथे नेतं ते दार बंद करायचं. टास्क मॅनेजरच उघडत नसेल, तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून मिळणार काय?

पहिलं काम अकाउंटचं. विद्यार्थ्यांचं अकाउंट 'स्टँडर्ड' हवं, ॲडमिनिस्ट्रेटर नको. ॲडमिनचा पासवर्ड वेगळा आणि फळ्यावर न लिहिलेला. हे नसेल तर पुढचं सगळं वाया, कारण ॲडमिन अकाउंटवरचा मुलगा तुमची प्रत्येक सेटिंग उलटवू शकतो.

मशीनवर विंडोज प्रो किंवा एज्युकेशन असेल तर ग्रुप पॉलिसी, म्हणजे युजरला काय करू द्यायचं याचे विंडोजमधले नियम, वापरा. पण हे नियम बदलायचा एडिटर, जीपीएडिट, नुसताच उघडलात तर युजरची पॉलिसी तुम्हालाही लागू होते आणि शिक्षकच अडकून बसतात. त्याऐवजी एमएमसी, म्हणजे विंडोजचं मॅनेजमेंट कन्सोल, उघडा, 'ॲड स्नॅप-इन' मधून ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटर निवडा, 'ब्राउज' दाबा, 'युजर्स' टॅबवर जा आणि तिथे 'नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्स' निवडा. आता जे कराल ते फक्त मुलांना लागेल. युजर कॉन्फिगरेशनखाली ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, त्यात सिस्टिम, त्यात 'कंट्रोल+ऑल्ट+डेल ऑप्शन्स'. टास्क मॅनेजर, लॉक, पासवर्ड बदलणं, लॉगऑफ, चारही इथून काढता येतात. लॉगऑफ मात्र ठेवा, नाहीतर तास संपल्यावर बाहेर पडायला तुम्हीच रीस्टार्ट करत बसाल.

होम आवृत्तीत हा एडिटर नसतो आणि तयार विकत घेतलेल्या बऱ्याच मशीनवर होमच असतं. तिथे रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथून, काम होतं, पण एक खड्डा आहे. विद्यार्थ्याच्या अकाउंटमध्ये बसून तुम्ही 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून रजिस्ट्री एडिटर उघडता, ॲडमिनचा पासवर्ड टाकता आणि 'करंट युजर' खाली 'डिसेबल टास्क एमजीआर' ही व्हॅल्यू १ करता. आता हा 'करंट युजर' कोण? ज्याचा पासवर्ड टाकला तो, म्हणजे तुम्ही. मुलाचं काहीच बदललं नाही, तुमचा टास्क मॅनेजर मात्र गेला. बरोबर पद्धत अशी: विद्यार्थ्याला लॉगऑफ करा, ॲडमिनमधून लॉगिन करा, रजिस्ट्री एडिटरमध्ये 'एचकी युजर्स' निवडून 'लोड हाइव्ह' म्हणा आणि विद्यार्थ्याच्या फोल्डरमधली 'एनटीयुजर डॉट डॅट' ही लपलेली फाइल उघडा. हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीचा त्या मुलापुरता भाग, तो या फाइलमध्ये असतो. नाव काहीही द्या, 'मुले' चालेल. बदल करा आणि 'अनलोड हाइव्ह' करायला विसरू नका. ते राहिलं तर मुलाचं प्रोफाइल नीट लोड होत नाही. 'पॉलिसीज' या कीखाली (रजिस्ट्रीतली की म्हणजे फोल्डर, बटण नव्हे) लिहिलेलं स्टँडर्ड अकाउंटला बदलता येत नाही, म्हणून ते टिकतं.

आता विंडोज बटण. 'टर्न ऑफ विंडोज की हॉटकीज' नावाची पॉलिसी आहे, रजिस्ट्रीत तिचं नाव 'नो विन कीज'. ती विन-आर, विन-ई असले शॉर्टकट बंद करते, पण विन-एल तिच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी वर सांगितलेलं 'लॉक' वेगळं काढावं लागतं. ज्यांना हे बटण मुळातच मेलेलं हवं आहे त्यांच्यासाठी 'स्कॅनकोड मॅप' आहे. बटणाचा स्कॅनकोड म्हणजे कीबोर्डने पाठवलेला त्याचा नंबर. तो आला की 'काहीच नाही' असं समज, एवढं आपण विंडोजला सांगतो.

जागा रजिस्ट्रीत 'लोकल मशीन' खाली: सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, कीबोर्ड लेआउट. 'लेआउट', 'लेआउट्स' नव्हे. दोन्ही कीज शेजारी असतात आणि निम्मे लोक चुकीच्या कीमध्ये लिहितात. तिथे 'स्कॅनकोड मॅप' नावाची बायनरी व्हॅल्यू करा. दोन्ही विंडोज बटणांसाठी त्यात हे २४ बाइट:

०० ०० ०० ०० ०० ०० ०० ०० ०३ ०० ०० ०० ०० ०० ५बी ई० ०० ०० ५सी ई० ०० ०० ०० ००

पहिले आठ शून्य ठरलेले. मग चार बाइटमध्ये नोंदींची संख्या. बटणं दोन, पण संख्या तीन, कारण शेवटचे चार शून्य हीही एक नोंद धरली जाते. घोटाळा होतो तो इथेच. तिसरं बटण वाढवलंत तर संख्या चार करायची. प्रत्येक नोंदीत आधी नवीन कोड, इथे शून्य, आणि नंतर मूळ कोड. तो उलटा लिहायचा: डावं विंडोज बटण ई० ५बी, म्हणून ५बी ई०. उजव्या बाजूचं मेन्यूचं बटण ई० ५डी. स्वस्त कीबोर्डवर स्लीप आणि पॉवरची बटणं असतात ना, ती ई० ५एफ आणि ई० ५ई. ती तर मी पहिल्यांदा मारतो. पहिल्या बाकावरून एकाने स्लीप दाबलं की अख्खी रांग हसते आणि तास तिथेच बसतो.

लिहून झालं की 'रीस्टार्ट'. 'शट डाउन' करून पुन्हा चालू केलं तर 'फास्ट स्टार्टअप' मुळे विंडोजचा गाभा झोपेतून उठतो, नव्याने सुरू होत नाही, आणि बदल लागत नाही. "सर, तुमचं सेटिंग चालत नाही" असे जे फोन येतात, त्यांतले बरेचसे याचेच. दुसरी गोष्ट, हा मॅप अख्ख्या मशीनला लागतो. तुमच्या ॲडमिन अकाउंटमध्येही विंडोज बटण गेलेलं असेल.

आणि आता आपल्या मराठीचं. विंडोज बटण मारलं की विन-स्पेसने इंग्रजी-मराठी बदलणंही गेलं. डावं ऑल्ट-शिफ्ट उरतं. ते चालू आहे ना, हे 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' मधल्या 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' मध्ये आधी बघा. काही जण ऑल्ट-टॅब अडवण्यासाठी ऑल्टच मारतात. मग भाषा बदलता येत नाही, आणि उजवा ऑल्ट गेला तर इंग्लिश-इंडिया कीबोर्डवर उजवा ऑल्ट आणि ४ दाबून येणारं ₹ चिन्हही गेलं. कंट्रोल मारण्याचा तर विषयच नको. कॉपी-पेस्ट आपणच शिकवायचं आणि आपणच बंद करायचं, हे काय झालं?

शिफ्ट पाच वेळा दाबलं की 'स्टिकी कीज' ची खिडकी येते आणि तिच्यातल्या लिंकवरून सेटिंग्ज उघडतात. तो शॉर्टकट रजिस्ट्रीत बंद करा: कंट्रोल पॅनेल, ॲक्सेसिबिलिटी, स्टिकी कीज, तिथे 'फ्लॅग्ज' ५१० असतं ते ५०६ करा. उजवं शिफ्ट आठ सेकंद धरल्यावर येणाऱ्या फिल्टर कीजसाठी 'कीबोर्ड रिस्पॉन्स' मध्ये १२६ चं १२२. हे आकडेही मुलाच्या हाइव्हमध्येच बदलायचे. यात फक्त शॉर्टकट जातो, सोय जात नाही. एका हाताने टाइप करणारं मूल तुमच्या वर्गात असेल तर त्याच्या मशीनवर ती सोय तुम्ही स्वतः चालू करून ठेवा. सोयच उडवून टाकणं मला मान्य नाही.

स्क्रीन उलटा होणं हे जुन्या इंटेल ग्राफिक्सवरचं मुलांचं लाडकं काम, कंट्रोल-ऑल्ट आणि खालचा बाण. हे विंडोजमध्ये शोधू नका. इंटेलच्या ग्राफिक्स पॅनेलमध्ये 'हॉट कीज' आहे, तिथे बंद करा.

ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्स उघडणाऱ्या एफ१२ पेक्षा कंट्रोल-ओ आणि कंट्रोल-एस जास्त त्रासदायक. दोन्हींनी फाइलची खिडकी उघडते आणि तिच्यातून सगळी डिस्क फिरता येते. क्रोमच्या पॉलिसीत 'डेव्हलपर टूल्स अव्हेलेबिलिटी' २ करा, 'इन्कॉग्निटो मोड अव्हेलेबिलिटी' १ करा, 'यूआरएल ब्लॉकलिस्ट' मध्ये फाइलचे पत्ते टाका. 'अलाऊ फाइल सिलेक्शन डायलॉग्ज' बंद केलं तर खिडकीच येत नाही, पण मुलांना फाइल अपलोडही करता येत नाही. उपक्रम ऑनलाइन जमा करून घेत असाल तर ते चालू ठेवा.

एज्युकेशन किंवा एंटरप्राइज आवृत्ती असेल तर 'डिव्हाइस लॉकडाउन' मधलं 'कीबोर्ड फिल्टर' हे खरं साधन. ऑल्ट-एफ४ आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीटसुद्धा ते अडवतं. ॲडमिनना त्यातून वगळा. त्यातून सुटायचं बटण म्हणजे डावं विंडोज बटण लागोपाठ पाच वेळा. आता लक्षात येतंय का? स्कॅनकोड मॅपने तेच बटण मारून ठेवलं असेल तर सुटायची वाटच बंद. एकतर सुटण्याचं बटण बदला, नाहीतर दोन्ही उपाय एका मशीनवर वापरू नका.

विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनल उघडतं, ते एक्स ऑर्गच्या (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा, नवी ती वेलँड) 'सर्व्हर फ्लॅग्ज' मध्ये 'डोंट व्हीटी स्विच' लिहून बंद होतं. वेलँडवर लॉगिन होत असेल तर ही ओळ वाचलीच जात नाही, म्हणून ज्या आवृत्तीत एक्स ऑर्गचा पर्याय आहे तिथे आधी त्यावर या; नव्या आवृत्त्यांत तो राहिलेला नाही. कमांड टाइप करायची खिडकी उघडणाऱ्या ऑल्ट-एफ२ साठी डीकॉन्फ या सेटिंग्जच्या साठ्यात 'डिसेबल कमांड लाइन' आणि त्यावर लॉक. मशीन चालू होताना येणाऱ्या ग्रब मेन्यूला पासवर्ड.

बायोसचं, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जचं, विसरू नका. सुपरव्हायझर पासवर्ड आणि यूएसबी बूट बंद, नाहीतर चालू होताना एक बटण आणि खिशातला पेनड्राइव्ह एवढ्यावर काम भागतं. सुरगाणा, पेठ भागातल्या शाळांना आणखी एक भोग आहे. मशीन चालू होत असतानाच लाइट दोन-तीनदा गेली की विंडोज स्वतःहून दुरुस्तीच्या निळ्या स्क्रीनवर जातं. मूल काही करत नाही, पण समोर पर्यायांची जत्रा. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीएडिट या कमांडने 'बूट स्टेटस पॉलिसी' ला 'इग्नोअर ऑल फेल्युअर्स' दिलं की ते थांबतं. तरी शक्य असेल तर यूपीएस घ्या.

सगळं झाल्यावर विद्यार्थ्याच्या अकाउंटमध्ये बसून स्वतः दाबून बघा: कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, विन-आर, विन-एल, ऑल्ट-एफ४, शिफ्ट पाचदा, कंट्रोल-ओ, आणि मराठीत एक ओळ टाइप करून पुन्हा इंग्रजीत या. एका मशीनवर आठवडाभर चालवा, मगच बाकीच्यांवर टाका. काय काय बदललं याचा कागद आणि ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा, कारण बदली झाल्यावर नवीन शिक्षकाला 'स्कॅनकोड मॅप' ही एकच व्हॅल्यू डिलीट करून रीस्टार्ट केलं की विंडोज बटण परत येतं, हे त्या कागदाशिवाय कळणार नाही. आता प्रश्न घेऊ या.