टाकाऊतून टाकाऊ

(दिवाळीच्या सुट्टीआधी इंदूरच्या एका महिला मंडळात दिलेलं व्याख्यान. लिहून काढताना थोडं आवरलंय, फार नाही.)

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? येत नसेल तर पुढे या, पहिल्या दोन रांगा नेहमीप्रमाणे रिकाम्याच आहेत. पत्रिकेत छापलंय, 'मुलांबरोबर घरच्या घरी करण्याजोग्या तीन वस्तू, प्रात्यक्षिकासह'. करू या. सामान आणलंय, चिकटवायची खळ स्वयंपाकघरात निवतेय. पण त्याआधी मला एका गोष्टीचा राग काढायचा आहे. पंचेचाळीस मिनिटं दिलीत, त्यातली दहा रागाला धरा.

तुम्हाला वाटेल, राग मोबाइलवर असणार. नाही. माझा राग आहे 'टाकाऊतून टिकाऊ' या शब्दांवर. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, हे शब्द मी स्वतः फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेत, म्हणून बोलायचा अधिकार आहे.

पहिली अडचण टाकाऊचीच. आपल्या गावात टाकाऊ मिळतं कुठे? 2017 पासून आपण स्वच्छतेत देशात पहिले. सकाळी गाण्याची गाडी कोपऱ्यावर आली की घराघरांतून बायका डबे घेऊन पळतात. त्याचा मला अभिमान आहे, बाहेरगावच्या पाहुण्यांना मी मुद्दाम पहाटेचा होळकरांचा राजवाडा दाखवायला नेते. पण त्यापायी माझी काय दशा झालीय! बुटाचं खोकं रिकामं झालं की दुसऱ्या दिवशी गाडीत. मी खोकी दिवाणाखाली लपवते. मागच्या महिन्यात सून झाडू मारताना ओणवी झाली आणि म्हणाली, "आई, हे सूखा में जायगा ना?" मराठी घरातली मुलगी, पण कचऱ्याची भाषा आपली सगळ्यांची आता हिंदीच आहे. त्यात माझी चिंचोक्यांची बरणी होती. ती सुटली, कारण चिंचोके गीला की सूखा हे तिला ठरवता येईना.

दुसरी अडचण टिकाऊची. ही मोठी आहे.

माझ्या नातीच्या शाळेत, शाळेचं नाव राहू द्या, 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' नावाची स्पर्धा होती. आदल्या संध्याकाळी निरोप आला, आदल्याच संध्याकाळी येतो. तर आमच्या इमारतीतल्या चार आया रिक्षा करून खजुरी बाजारात गेल्या आणि वेस्ट विकत घेऊन आल्या. आइस्क्रीमच्या काड्यांचं कोरं पुडकं. कोऱ्या रंगीत पुठ्ठ्याचे तुकडे. एकीने थंड पेयाची दोन लिटरची बाटली आणली आणि मोरीत ओतून रिकामी केली! मी म्हटलं, अगं, निदान पोरांना पाजायची. तर म्हणते, "काकू, रात्री खोकला होतो." बरोबर आहे, खोकला नको. मग रात्री साडेबारापर्यंत त्या घरात दिवा. मुलगा नऊलाच झोपलेला. बक्षीस कुणाला मिळालं? ज्या मुलाचे वडील बांधकामाचे इंजिनिअर आहेत, त्याला. पूल केला होता. त्यावर दिवे लागत होते. मुलाला विचारलं, बटण कुठे आहे रे? तो म्हणाला, "पप्पांना माहितीये."

आमच्या नातीने एकीवर एक अशा सात काडेपेट्या चढवून राजवाडा केला होता. सात मजले, कारण राजवाड्याला सात आहेत. खालच्या तीन पेट्यांना राखाडी रंग, वरच्या चारांना तपकिरी. का, तर खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे, हे आजोबांनी तिला तिथे उभं करून दाखवलं होतं. वाडा डावीकडे कलला होता. शेरा आला, 'नीटनेटकेपणा हवा'. मी दोन दिवस जेवले नाही. बरं, एक दिवस.

मला काय म्हणायचंय ते आता सांगते, नाहीतर राहून जाईल. वस्तू टिकायला हवी असं आपण एकदा ठरवलं ना, की मुलाच्या हातातली कात्री आपण काढून घेतो. टिकायची म्हणजे दिसायला बरी हवी, सरळ हवी, शोकेसमध्ये ठेवण्याजोगी हवी, पाहुण्यांना दाखवता यायला हवी. सहा वर्षांच्या हातून ते होत नाही. मग "दे इकडे, मी करते." आणि तेच, वस्तू चार दिवसांनी जाणारच आहे असं धरलं, की आपला हात आपोआप मागे राहतो. कापू दे वाकडं. नाहीतरी जायचंय.

हे मी वडिलांकडून शिकले, आणि त्यांनी शिकवायचं म्हणून शिकवलं नाही.

वडील गिरणीत होते. इथे बसलेल्या निम्म्याजणींचे वडील नाहीतर आजोबा गिरणीतच असणार. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे गिरण्यांचे चित्ररथ, आठवतात का? 'आठवतात' काय म्हणतेय, आजही निघतात. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली, बाकीच्याही पडल्या, तरी मजूर वर्गणी काढून झांकी काढतातच. तेव्हा महिना-महिना आधी गिरणीच्या आवारात बांबू पडायचे. वडील पाळी संपली की तिथेच थांबत. राक्षसाचं तोंड उघडायचं कसं, हंसाची मान हलवायची कशी, यावर रात्र-रात्र वाद. आणि मग एक रात्र मिरवणूक. दुसऱ्या दिवशी हंस मोडून ठेवलेला! मी लहानपणी त्या हंसासाठी रडले होते. वडील म्हणाले, "रडतेस काय, तुझ्यासाठी मान आणलीय." खरंच आणली होती. म्हणजे मानेतल्या कामट्या, आणि थोडी पन्नी. पन्नी म्हणजे चमकीचा कागद हं, आजची पिशवी नव्हे. आई त्याला बेगड म्हणायची, मराठीत बेगडी म्हणजे खोटं. आम्हाला तर त्याच्याइतकं खरं काही वाटत नसे.

त्या कामट्यांचा आमचा आकाशकंदील. त्याचं गणित ऐका, शाळेत शिकवायला हवं इतकं सुंदर आहे. सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या. चार-चारचे सहा चौकोन. चौकोनाच्या कोपऱ्याला दुसऱ्याचा कोपरा दोऱ्याने बांधत जायचं. एका गाठीत चार टोकं येतात, गाठी होतात बारा. आणि चौकोन जुळले की मधे आपोआप आठ त्रिकोण तयार! त्रिकोणासाठी वेगळी कामटी लागतच नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हे आठ आले कुठून? वरचा आणि खालचा चौकोन उघडा, बाकीच्या बारा खिडक्यांना पतंगी कागद.

मी आठ वर्षांची, धाकटा भाऊ पाच वर्षांचा. त्याला तलवार हवी होती. कामट्या नऊ इंचांच्या मापून ठेवल्या होत्या, त्यातली एक त्याने उचलली, पायरीवर घासून टोक काढलं आणि लढाई झाल्यावर मुकाट्याने परत ठेवली. चोविसावी कामटी इंचभर तोकडी. बांधताना कळलं नाही. टांगल्यावर कळलं. कंदील अगदी असा, मान वळवून शेजाऱ्यांच्या घरात बघतोय असा दिसायचा. मी म्हटलं सोडा, परत बांधू. वडील म्हणाले, "दिवाळी चार दिवसांची, तेवढे दिवस बघेल तो तिकडे."

इतकंच असतं तर बरं होतं. खळ कणकेची होती. त्या रात्री उंदराने एक त्रिकोण अख्खा खाल्ला. खळीत तेव्हा मोरचूद घालत, उंदीर-कसर लागू नये म्हणून. आमच्या घरात मुलं म्हणून घातलं नव्हतं. तुम्हीही घालू नका, विष आहे ते. तर सकाळी वसुबारस, पतंगी कागद संपलेला, रामबागेतलं दुकान बंद. वडिलांनी रद्दीतला वर्तमानपत्राचा तुकडा त्रिकोणात कापला, चिकटवला, कामावर गेले.

संध्याकाळी पंचविसाचा बल्ब लागला. वाड्यात सगळ्या बायका दिवे लावायला बाहेर आलेल्या. आजीने चष्मा लावला, मान कंदिलाइतकीच वाकडी केली आणि मोठ्याने वाचलं, "उठावना."

(बराच वेळ हशा.)

इंदूरच्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्या कुणी इथे असतील त्यांच्यासाठी, कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी उठावना असतो, आणि त्याची जागा-वेळ पेपरात येते. कुणा अनोळखी गृहस्थाचा उठावना आमच्या दारात लखलखत होता. मागून दिवा असला की कागदाच्या दोन्ही बाजू दिसतात, त्यामुळे उठावन्याच्या अक्षरांतून पाठीमागची सिनेमाची जाहिरात उलटी उमटलेली. 'रोजाना चार शो'. आई आत जाऊन बसली. आजी म्हणाली, आत्ताच्या आत्ता उतरवा. वडील कामावरून आले, खाली उभे राहून पूर्ण वाचलं. मग शिडी लावली आणि उतरवला नाही, त्या तुकड्यावर आपल्या डब्याचा खाकी कागद चिकटवला. तो त्रिकोण काळाच दिसायचा. बलिप्रतिपदेला कंदील भावाने तलवारीने फोडला, तीच तलवार, म्हणजे नवी. आठ त्रिकोण आठ दिशांना.

त्यानंतर घरात किती विकतचे कंदील आले असतील. प्लास्टिकचे, घडीचे, दरवर्षी माळ्यावरून उतरवून पुसून लावायचे. एकाचाही रंग मला सांगता येणार नाही.

चिठ्ठी आलीय. पंधरा मिनिटं? दहा? बरं.

संजाबद्दल बोलायचं होतं, ते दोन वाक्यांत. पितृपक्षात सोळा दिवस माळव्याच्या मुली भिंतीवर शेणाने रोज नवी आकृती काढतात. चौथीला चौपड, सप्तमीला सातिया म्हणजे आपलं स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी म्हणजे म्हातारा-म्हातारी, शेवटी मोठा किलाकोट म्हणजे किल्ल्याचा तट. घराघरात थोडा फरक असतो. वर तेरड्याच्या, कण्हेरीच्या पाकळ्या, पन्नी. अमावास्येला सगळं खरवडून पाण्यात. आम्ही मराठी मुली पितृपक्षात शेजारी संजाला आणि नवरात्रात घरी भोंडल्याला, दोन्हीकडचं खाऊन घ्यायचो. सोसायटीच्या भिंतीला आता शेण लावू देत नाहीत, हे मी समजू शकते. मी पुठ्ठ्यावर ओली माती थापून नातीकडून करून घेतलं. तिचा डोकरा डोकरीपेक्षा बारीक झाला. आजोबा म्हणाले, बरोबर आहे.

आता तीन वस्तू, पटापट. सामान टेबलावर आहे.

खळ आधी. दोन चमचे मैदा गार पाण्यात कालवा, गुठळी राहता कामा नये. मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर, चमकायला लागेपर्यंत ढवळा. दोन दिवस टिकते, तिसऱ्या दिवशी वास मारते. तेवढ्यात काम संपवायचं. बाजारात हिला लेई म्हणतात, मुलांना दोन्ही शब्द सांगा.

पहिली वस्तू, भिरभिरं. चौकोनी कागद, चारी कोपऱ्यांतून मध्याकडे कापत यायचं, मध्याजवळ अंगठ्याएवढी जागा सोडायची. एकाआड एक टोक मध्यावर आणायचं आणि टाचणी टोचायची. आमच्या वेळी बाभळीचा काटा असे. टाचणी पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरात रोवा. कागद आणि रबर यांच्यामध्ये एक मणी घाला, नाहीतर फिरत नाही. निम्मी भिरभिरी मण्यावाचून अडतात.

दुसरी, भेंडीचे ठसे. फराळाची पुडकी द्यायला साधा खाकी कागद घ्या. भेंडी आडवी कापली की फूल मिळतं. एका वाटीत हळद आणि पाणी, दुसऱ्या वाटीत तेच आणि चिमूटभर खायचा सोडा. दुसरी वाटी मुलांसमोर तांबडी होईल. तेव्हा काही समजावून सांगायला जाऊ नका, त्यांना ओरडू द्या. कपडे जुने घाला. हळद उन्हात उडते, महिन्याभरात फुलं पुसट होतील. पुडकं तोवर उघडलेलं असेल.

तिसरी, कंदील. कामट्या सोलायच्या नाहीत, हाताला कूस लागते. वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळ्या करा, चोवीस, आतून दोरा ओवता येईल अशा, आणि मघाशी सांगितलं तसं बांधत चला. थर्मोकोलचं नाव काढू नका. सजावटीच्या थर्मोकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, दुकानदार देतो म्हणाला तरी. आत एलईडीचा छोटा बल्ब, तो फार तापत नाही. सुरळ्या कमी-जास्त झाल्या तर होऊ द्या. फक्त पेपर निवडताना कोणतं पान आहे ते बघून घ्या.

अध्यक्षबाई उभ्या राहिल्यात. झालंच. मुलांना आत बोलवा, मोठ्यांनी भिंतीला टेकून उभं राहायचं, हात मागे. हो, तुम्हीसुद्धा, इंजिनिअरसाहेब. आणि कात्र्या बारा आहेत, मोजून दिल्यात, मोजून परत हव्यात.