तेल्याचा जंतू पानावर उतरतो तेव्हा

मंडळी, डाळिंबाच्या बागेत तेल्या रोग आला हे आपल्याला कळतं ते डाग दिसल्यावर. आधी पाणी मुरल्यासारखा तेलकट ठिपका, मग तो काळपट होतो, आणि फळावर आला तर फळ तडकतं. मला आज बोलायचं आहे ते डागाच्या आधी काय घडतं त्याबद्दल, कारण तेल्याशी झुंजायला खरी जागा तिथेच आहे.

तेल्याचा जंतू झँथोमोनास नावाच्या जिवाणूंच्या कुळातला. लांबी जेमतेम एक-दीड मायक्रोमीटर. त्याच्या एका टोकाला एकच शेपटी असते. पावसाच्या थेंबासोबत तो पानावर पडतो, आणि पान ओलं असेल तर शेपटी फिरवत त्या ओलाव्यातून पोहत जातो. पर्णरंध्र, म्हणजे पानाचं श्वास घेण्याचं बारीक छिद्र, सापडलं, काट्याची किंवा कात्रीची जखम सापडली, की आत. कोरड्या पानावर ही शेपटी निरुपयोगी.

पण हीच शेपटी त्याला पकडूनही देते. ती ज्या प्रथिनाची बनलेली असते त्यातला 22 अमिनो आम्लांचा एक तुकडा वनस्पती ओळखतात आणि सावध होतात. कोबीवर्गीय पिकांत काळी कूज आणणाऱ्या याच कुळातल्या जंतूच्या काही वाणांत त्या तुकड्यातलं फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं आढळलं, आणि तेवढ्याने ते वाण ओळख चुकवतात. मला हे फार विलक्षण वाटतं.

पोहून झालं की चिकटायचं. त्यासाठी अंगावर बारीक तंतू असतात, आणि भोवती झँथन नावाचा चिकट थर. आइस्क्रीम, सॉस दाट करायला वापरतात तो झँथन गम याच कुळातल्या जंतूपासून काढतात. झाडात हा थर जंतूला सुकण्यापासून वाचवतो. शिवाय तो कॅल्शियम धरून ठेवतो. धोक्याची खबर पेशीत पोचवायला झाडाला तेच कॅल्शियम लागतं, म्हणजे खबर वाटेतच अडते.

सगळ्यात घातक अवयव याच्या पुढचा. जंतू आत शिरून पेशींच्या मधल्या पोकळीत राहतो, पेशीत घुसत नाही. तिथून तो इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नळी पेशीकडे काढतो. माणसाला आजारी पाडणाऱ्या काही जंतूंकडेही अशी सुई असते, पण आखूड. वनस्पतीच्या पेशीला जाड भित्तिका असते, म्हणून इथली नळी कितीतरी लांब, मायक्रोमीटरभर किंवा त्याहून जास्त. तिच्यातून प्रथिनं पेशीत जातात आणि झाडाचा प्रतिकार आतून बंद पाडतात. प्रयोगशाळेत ही नळी बनवणारी जनुकं मोडली, की जंतू जिवंत राहतो, पण रोग होत नाही.

आता फवारणीचं बघा. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण स्पर्शजन्य आहे, म्हणजे जिथे लागतं तिथेच काम करतं. ते पानाच्या पृष्ठभागावर काम करतं. पोकळीत बसून नळी लावलेल्या जंतूपर्यंत ते पोचत नाही. डाग दिसल्यावर हात सैल सोडून केलेल्या फवारण्या पाहिल्या की मला वाईट वाटतं. पैसा जातो आणि आतला जंतू तसाच राहतो. छाटणी झाली की जखमा उघड्या असतात, तेव्हा बोर्डो द्या. कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा. गुटी कलमं, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेली रोपं, रोगमुक्त बागेतूनच घ्या. आणि ज्यांच्याकडे तेल्या दरवर्षी येतो, त्यांनी पाणी पुरत असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा मृग बहार सोडून पावसाळा सरताना फुलणारा हस्त बहार धरावा. मृगात नेमकी कोवळी पानं आणि फळं पावसात भिजत राहतात.