हळद, जखम आणि ३२ पुरावे

(दृश्य: हरिपूर. पेवाच्या तोंडावरची माती बाजूला होते.)

सांगलीजवळचं हरिपूर. इथली हळद जमिनीच्या पोटात, पेवात ठेवायची रीत जुनी. पेव उघडलं म्हणून लगेच कुणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा आधी निघून जाऊ द्यायची, मग माणूस उतरतो. शेतातून काढलेली हळद शिजवायची, उन्हात वाळवायची, पॉलिश करायची, तेव्हा कुठे हळकुंडाला हा रंग चढतो.

(दृश्य: विळी. कापलेल्या बोटावर हळद दाबणारा हात.)

बोट कापलं की चिमूटभर हळद. हे कुणी मुद्दाम शिकवत नाही, घरात बघून येतं.

मार्च १९९५ मध्ये यावरच अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. क्रमांक ५४०१५०४. मालकी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राची.

(दृश्य: पेटंटचं शेवटचं पान.)

पेटंट हातात आलं की आधी शेवट वाचावा. तिथे ‘दावे’ असतात आणि कायद्याचं संरक्षण मिळतं ते या दाव्यांनाच. इथला पहिला दावा आहे जखम भरून यावी म्हणून रुग्णाला हळदीची पूड देण्याच्या पद्धतीवर.

पेटंट मिळायला शोध नवा लागतो. मग हळद तिथेच कशी अडली नाही?

कारण अमेरिकेचा तेव्हाचा कायदा. परदेशात एखादी गोष्ट घरोघरी चालत असली, तरी तेवढ्याने ती जुनी ठरत नव्हती. ती कुठेतरी छापलेली हवी, नाहीतर तिचं आधीच पेटंट झालेलं हवं. आजीचा हात पुरावा धरला जात नव्हता. हा भेद २०१३ मध्ये गेला. तोवर छापील पानच हवं होतं.

(दृश्य: जुन्या ग्रंथांची पिवळी पानं.)

१९९६ मध्ये सीएसआयआरने, म्हणजे भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, या पेटंटची फेरतपासणी मागितली. तेव्हा परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. आता शोधायचे होते कागद. संस्कृत, उर्दू, हिंदी मजकूर धुंडाळले गेले, त्यातले काही शंभर वर्षांहून जुने. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही हाती लागला. असे ३२ संदर्भ जमले.

ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने दावे फेटाळले.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर सरकणाऱ्या नोंदी.)

पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचं काम सुरू झालं. आयुर्वेदापासून सुरुवात करून ग्रंथांतल्या नोंदी पाच परदेशी भाषांत आणल्या गेल्या, पेटंट तपासणाऱ्याला बसल्या जागी वाचता याव्यात म्हणून. पण हे झालं ग्रंथांतलं. जे फक्त तोंडी आहे, ते अजून तोंडीच आहे.

(दृश्य: ओसरी. आजी सांगतायत, नात वहीत उतरवून घेतेय.)

वही घरात राहून भागणार नाही, मजकूर छापून लोकांपुढे यायला हवा. नातीला आम्ही एवढंच सांगितलं: पानावर तारीख घाल. पेटंटच्या तपासणीत ‘हे कधीपासून माहीत होतं?’ असं विचारतात.